जावास्क्रिप्ट शिका, पेडणे-डिचोलीच्या नकाशावर

तोर्शाहून हरमलला कसे जायचे, हे गोव्यातल्या पेडणे तालुक्यात वाढलेल्या मुलाला कुणी सांगावे लागत नाही. साळचा गड्यांचा उत्सव होळीच्या सुमारास, शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, हरवळ्याच्या रुद्रेश्वराकडे गर्दी महाशिवरात्रीला, नार्व्याची अष्टमी श्रावणात, हे डिचोलीच्या मुलीला पाठच असते. कॉलेजात सी किंवा जावा शिकलेली हीच मुले दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला बसतात, तेव्हा मात्र कुठल्यातरी काल्पनिक कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचे पगार मोजत राहतात. आठवड्याभरात कंटाळा येतो आणि कोर्स अर्धा राहतो. त्यांनी ही पाठ असलेली माहिती कामाला लावावी, एवढ्यासाठी हा लेख.

नवी भाषा शिकताना चुका होतातच. प्रश्न असतो तो चूक झाली हे कळायचे कसे, याचा. माहितीही परकी आणि भाषाही परकी असेल, तर पडद्यावर आलेले उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला सांगता येत नाही. तुम्ही कोर्सच्या उत्तरपत्रिकेशी ते ताडून पाहता आणि पुढे जाता. माहिती घरची असेल, तर डिचोलीतले आमोणे समुद्रकिनारी दिसले की काहीतरी बिघडले आहे हे त्याच क्षणी कळते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट अनोळखी ठेवा, ती म्हणजे भाषा. बाकी सगळे ओळखीचे असू द्या.

आता हे करायचे कुठे? ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी घडवलेला जगाचा नकाशा आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. खाते उघडून कुणीही आपल्या वाड्यावरची वाट, देऊळ, शाळा, फेरीचा धक्का त्यात नोंदवू शकतो. ही माहिती खुल्या परवान्याखाली असल्याने ती कुणीही उतरवून घेऊन तिच्यावर स्वतःचे वेबपान बांधू शकतो; नकाशावर तिच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख मात्र करावा लागतो. वेबपानावर नकाशा दाखवायला लीफलेट नावाची जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी आहे. ती युक्रेनच्या व्होलोदिमिर अगाफोंकिन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. मी सुचवतो तो प्रकल्प असा: पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली गावे, देवळे, जत्रा आणि फेरीचे धक्के दाखवणारे, देवनागरीत वाचता येणारे एक वेबपान. सोबत, ओपनस्ट्रीटमॅपवर ज्या जागांना देवनागरी नाव नाही त्यांना ते देणे.

गोव्याला असे काम नवीन नाही. दोन हजार सालाच्या आसपास गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्टने वापरलेले संगणक मिळवून, त्यांवर लिनक्स घालून ते शाळांपर्यंत पोहोचवले. गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ मध्ये खुल्या परवान्याखाली आणला, आणि २०१५ मध्ये गोंयच्या कोंकणीतला विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला. मराठी विकिपीडिया तर २००३ पासून आहे. यात हातभार लावणारे अनेक लोक काम करताकरताच शिकले.

जावास्क्रिप्टच का, याचेही कारण सांगतो. तिला वेगळे काही बसवावे लागत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवे सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसली, तरी ब्राउझर असतोच, आणि त्याच्या आत जावास्क्रिप्ट असतेच. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये असताना १९९५ साली तिचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. त्या घाईच्या खुणा भाषेत अजून आहेत. दोन बरोबर चिन्हांनी तुलना केली, तर ती मजकुराचे आकड्यात आपोआप रूपांतर करून पाहते आणि नको तिथे होकार देते. तेव्हा पहिल्या दिवसापासून तीन बरोबर चिन्हांची तुलना वापरा. व्हेरिएबल जाहीर करायला जुन्या पुस्तकांतले 'व्हार' विसरा आणि 'कॉन्स्ट' व 'लेट' एवढ्यांवरच काम चालवा.

पहिल्या आठवड्यात नकाशाला हातच लावू नका

नकाशा पटकन दिसावा असे वाटणारच. तरीही सुरुवात एका साध्या यादीने करा. दहा गावे हाताने टंकून एका अ‍ॅरेत ठेवा: मांद्रे, मोरजी, हरमल, हळर्ण, हसापूर, तुये, मये, मुळगाव, पिळगाव, साखळी. ती छापा, मोजा, उलटी करा, 'म'पासून सुरू होणारी वेगळी काढा. एवढ्यातही भाषेचे बरेच स्वभाव कळतात, आणि गावांची नावे देवनागरीत असल्याने इंग्रजी कोर्स कधीच न शिकवणाऱ्या गोष्टी समोर येतात.

'पेडणे' या नावाची लांबी विचारा. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात, पण जावास्क्रिप्ट पाच सांगते, कारण युनिकोडमध्ये प, ड, ण ही तीन व्यंजने आणि दोन मात्रा अशी पाच चिन्हे वेगवेगळी साठवलेली असतात. पायथनही पाचच म्हणते. हाच मजकूर यूटीएफ-८ मध्ये ठेवून सीमध्ये लांबी विचारलीत, तर पंधरा येते, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. वाचकाला दिसणारी तीन अक्षरे मोजायची असतील, तर जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर हे साधन आहे. मजकूर म्हणजे नेमके काय, हे सीचा कोर्स करूनही ज्याला उमगले नव्हते, त्याला ते या एका नावावरून उमगते.

मग यादी अकारविल्हे लावा. साधी सॉर्टची आज्ञा दिलीत, तर हरमल, हळर्ण, हसापूर असा क्रम येईल. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणजे शब्दकोशाच्या क्रमाने हसापूर आधी आणि हळर्ण नंतर हवे. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे, आणि साधी सॉर्ट त्या तक्त्याचे आकडे पाहते. उपाय आहे: तुलना करताना 'लोकेल कंपेअर' वापरायचे आणि भाषा मराठी आहे हे तिला सांगायचे. या एका दुरुस्तीत तुम्ही तीन गोष्टी शिकता. सॉर्टला स्वतःचे तुलनेचे फंक्शन देता येते, फंक्शन हेही एखाद्या आकड्यासारखे दुसऱ्या फंक्शनच्या हाती सोपवता येते, आणि 'आपोआप' होणाऱ्या गोष्टीमागे कुणीतरी ठरवलेला नियम असतो. यातली मधली गोष्ट सीमधून आलेल्यांना सर्वांत जड जाते. तिच्यावर दोन संध्याकाळी खर्च झाल्या तरी हरकत नाही.

आकड्यांचेही असेच. कुणी एखाद्या रकान्यात '१५' असे देवनागरी अंकांत भरले, तर पायथन ते पंधरा म्हणून मुकाट वाचते, जावास्क्रिप्ट मात्र 'हा आकडा नाही' असे उत्तर देते. म्हणून साठवताना इंग्रजी अंक वापरा आणि दाखवताना मराठी लोकेल लावून देवनागरी करा. पानाच्या सुरुवातीलाच त्याची भाषा मराठी आहे असे नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

गावाचे नाव ही ओळख नव्हे

यादी नीट जमली की पुढचा धडा गोव्याचा भूगोलच देतो. केरी नावाचे गाव एकच नाही. एक पेडण्यात, तेरेखोल नदीच्या मुखाशी, जिथून पलीकडे फेरी जाते, आणि दुसरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. डिचोलीतली न्हावेली आणि सासष्टीतली नावेली यांचे रोमन स्पेलिंग तर एकच. नाव हीच किल्ली धरून माहिती साठवलीत, तर दुसरी केरी पहिलीला पुसून टाकेल आणि तसे झाल्याचे प्रोग्रॅम सांगणारही नाही. प्रत्येक जागेला वेगळा क्रमांक द्या. ओपनस्ट्रीटमॅपवर तो असतोच. डेटाबेसच्या तासाला प्रायमरी कीची व्याख्या घोकलेल्या विद्यार्थ्याला ती का हवी, हे इथे पटते.

शिवाय एका जागेला एकच नाव असते, हेही गृहीत धरू नका. मराठीत डिचोली, कोंकणीत दिवचल, रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक भाषेच्या नावासाठी स्वतंत्र रकाना असतो. मराठीचा वेगळा, कोंकणीचा वेगळा. दोन्ही भरा. एकाच्या जागी दुसरे लिहू नका आणि कुणी आधी लिहिलेले पुसू नका. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतल्या कोंकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही जागा दिली. नकाशावर दोघी शेजारी सुखाने राहू शकतात. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने हा ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट ठेवण्याचा उत्तम सराव आहे: नाव या गुणधर्मात मराठी, कोंकणी आणि इंग्रजी असे तीन उपगुणधर्म, आणि एखादे रिकामे असेल तर कोणते दाखवायचे याचा क्रम. शोधाच्या चौकटीत कुणी 'पेडणे' लिहील, कुणी अनुस्वार देऊन 'पेडणें'. दोघांनाही गाव सापडले पाहिजे. त्यासाठी लागणारे फंक्शन चार ओळींचे आहे. ते स्वतः लिहा, शोधून चिकटवू नका.

नकाशा लावायची वेळ आता आली. पेडणे शहर सुमारे १५.७ उत्तर अक्षांश आणि ७३.८ पूर्व रेखांशावर आहे. लीफलेटला आधी अक्षांश आणि मग रेखांश लागतो. भौगोलिक माहिती साठवण्याच्या जिओजेसन या पद्धतीत मात्र आधी रेखांश असतो. ही अदलाबदल जवळपास प्रत्येकाच्या हातून होते, आणि ती झाली की पेडणे थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या बाजूच्या थंड समुद्रात जाऊन पडते. तुमच्या नकाशावर गावे गायब झाली, तर कोड पुन्हा लिहायला बसू नका. नकाशा लहान करून उत्तर ध्रुवाकडे बघा.

खरी माहिती ओव्हरपास नावाच्या सेवेतून मागवता येते. १५.५ ते १५.८ अक्षांश आणि ७३.६ ते ७४.१ रेखांश अशी चौकट द्या आणि त्यातली गावे मागा. त्यात म्हापसा येईल, दोडामार्गकडचा भागही येईल. हे नको ते गाळणे हा तुमचा फिल्टरचा धडा. सुरुवातीला गाळणी डोळ्यांनीच करा, कारण कुठले गाव कुठल्या तालुक्यात हे तुम्हाला ठाऊक आहे. सीमारेषेच्या आत-बाहेरचे गणित नंतर. एक पथ्य पाळा: माहिती एकदा मागवून फाइलमध्ये जपून ठेवा आणि सराव त्या फाइलवर करा. ही सेवा देणगी आणि स्वयंसेवा यांवर चालते, दर पाच मिनिटांनी तिचे दार ठोठावणे बरे नव्हे. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे असणाऱ्या गावात तर फाइल जवळ असलेलीच बरी.

ही फाइल पानात आणताना सी-जावावाल्यांचा सर्वांत मोठा अडथळा येतो. 'फेच' म्हटल्यावर माहिती लगेच हाती पडत नाही. हाती पडते ते एक वचन, माहिती आली की देईन असे. पुढची ओळ मात्र वाट न पाहता चालू लागते आणि रिकामी यादी छापून मोकळी होते. केरीच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना माणूस चहा घेतो, कुणाशी बोलतो, आणि फेरी लागली की चढतो. ब्राउझरचेही तसेच चालते. 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन शब्द कुठे लावायचे, हे एकदा या खऱ्या गरजेतून कळले की ते विसरत नाहीत. या टप्प्यावर रेंगाळा. जावास्क्रिप्ट येते की नाही याची खरी परीक्षा इथेच असते.

जत्रांच्या तारखांबाबत माझा आग्रही सल्ला आहे: तिथीचे गणित करायला जाऊ नका. पंचमी कोणत्या दिवशी हे चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून ठरते, अधिक महिना मध्ये येतो, आणि पहिल्याच प्रकल्पात त्या डोहात उतरणारे प्रकल्पच सोडून देतात. तिथी मजकूर म्हणून लिहा आणि त्या वर्षाची तारीख पंचांगात किंवा देवस्थानात विचारून हाताने भरा. तारखेत एक खोच लक्षात ठेवा: जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जानेवारी शून्य आणि मे चार. हे विसरलात तर मे महिन्यातली लईराईची जत्रा जूनच्या पावसात भरेल.

दुसऱ्याच्या नजरेखालून

स्वयंसेवी प्रकल्पाचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे तुमचा कोड कुणीतरी वाचतो. दोघांनी मिळून काम करा, एक पेडण्याचा आणि एक डिचोलीची असे असेल तर फारच छान. कोड गिटहबवर ठेवा. तिथे साधी वेबपाने फुकट प्रसिद्ध करता येतात. एकाने बदल सुचवायचा, दुसरीने तो वाचून, चालवून, प्रश्न विचारून मगच स्वीकारायचा. बदल लहान ठेवा. 'फेरीच्या धक्क्यांना वेगळे चिन्ह दिले' एवढा एकच बदल असेल, तर तो पाच मिनिटांत वाचून होतो. दहा गोष्टी एकदम आल्या, तर वाचणारी नुसती मान डोलावते.

तुयेच्या फेरीची नोंद खरी आहे का, हे पेडणेकर सांगेल. मये आणि पिळगावमधली देवळे जागच्या जागी आहेत का, हे डिचोलीकर. मग पान घरच्या वडीलधाऱ्यांना दाखवा. गावची आजी कोड वाचणार नाही, पण 'हे देऊळ नदीच्या ह्या बाजूला नाही गो' हे ती नक्की सांगेल, आणि तेवढ्याने तुमच्या माहितीतली चूक पकडली जाईल.

काही मर्यादा मात्र काटेकोर पाळा. गूगलच्या नकाशातून नावे किंवा जागा उचलून ओपनस्ट्रीटमॅपवर टाकायच्या नाहीत. त्याचा परवाना ते करू देत नाही. स्वतः पाहिलेले किंवा गावात विचारून खात्री केलेले तेवढेच लिहा. शेकडो नावे एका झटक्यात बदलणारी स्क्रिप्ट चालवू नका. तशा बदलांसाठी तिथे आधी चर्चा करण्याचा नियम आहे, आणि नवशिक्याने तर दिवसाला पाच-दहा नोंदी हाताने कराव्यात हेच योग्य. पुजाऱ्यांचे, गावकारांचे फोन नंबर पानावर देऊ नका. आणि लोकांनी भरलेला मजकूर पानावर दाखवताना तो निव्वळ मजकूर म्हणूनच दाखवा. लीफलेटची माहितीची खिडकी दिलेला मजकूर एचटीएमएल समजून वाचते, त्यातून कुणी नको ती आज्ञा घुसवू शकतो. ही सवय पुढे नोकरीतही तुम्हाला वाचवेल.

एआयची मदत घ्यावी का, असे हल्ली प्रत्येक जण विचारतो. घ्या, पण क्रम बदला. आधी स्वतः लिहा, अडलात की चूक दाखवणारा संदेश देऊन त्याचा अर्थ विचारा, दुरुस्ती मात्र स्वतःच करा. त्याने पूर्ण फंक्शन लिहून दिले, तर ते बंद करून आठवणीने पुन्हा लिहून पाहा. नाही जमले, तर ते अजून तुमचे झालेले नाही. गावांच्या बाबतीत त्याच्यावर मुळीच विसंबू नका. दोन केरींची सरमिसळ तेही करू शकते.

ज्यांना नकाशापेक्षा लिखाणाचा ओढा आहे, त्यांनी मराठी किंवा कोंकणी विकिपीडियाचे साचे उघडून पाहावेत. त्यांतल्या अनेकांमागे ल्युआ या भाषेत लिहिलेला कोड असतो. १९९३ मध्ये रिओ द जानेरोच्या विद्यापीठात जन्मलेली ही भाषा आटोपशीर आहे आणि विकिपीडियाच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, निर्धास्त प्रयोग करता येतात. पायथन शिकायची असेल, तर वरचीच फाइल घ्या आणि कुठल्या गावांना मराठी नाव नाही याची यादी काढणारा प्रोग्रॅम लिहा. मार्ग तोच.

वेळेचे म्हणाल तर चतुर्थी आटोपली की सुरू करा. दसऱ्यापर्यंत यादी आणि क्रमवारी, कोजागिरीला पेडण्याची पुनाव होईतो नकाशा, असे धरले तर कार्तिकात जत्रांचा हंगाम लागतो तेव्हा पान उभे असेल. सिंधुदुर्गातली दशावतारी मंडळे पेडण्याच्या देवळांत दहीकाले करायला येतात, तेव्हा 'आज रात्री कुठे' हा प्रश्न घरोघर असतो. आजच्या तारखेशी जुळणाऱ्या नोंदी दाखवणारे बटण हा तुमचा त्या हंगामातला शेवटचा धडा. सगळा तालुका घ्यायला जाऊ नका, वीस देवळे पुरेत.

हंगाम संपला की पहिल्या महिन्यात लिहिलेली फाइल उघडा आणि ती कोरी करून पुन्हा लिहा. ती निम्म्याने लहान होईल. मग मराठीत माहितीपत्रक लिहून रेपॉझिटरीत ठेवा: पुढच्या वर्षाच्या तारखा कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या रकान्यात, कशा पद्धतीने भरायच्या, आणि त्या कुणाला विचारून खात्री करायच्या. गावातल्या अकरावीच्या एखाद्या विद्यार्थ्याला ते वाचायला देऊन, तुम्ही काही न बोलता, त्याला एक नोंद भरू द्या. जिथे तो अडेल, ती ओळ बदला.